कावळ्यापुढं दिलेला शब्द

१८ जानेवारी २०२५, शनिवार

कावळा शिवला. पण कशानं शिवला ते आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या जो तो वेगळंच सांगत फिरेल.

साहेबरावाचा दहावा होता. माझा थोरला. कंपनीतून आला, बूट काढता काढता पडला. एक बूट काढलेला, एक पायातच. ते झालं. आज गावाकडं नदीवर पिंड ठेवले. नदी कसली, पौषात डबकीच उरतात. भावकी सगळी काठावर, कावळे समोरच्या बाभळीवर. यायला तयार नाहीत. ऊन डोक्यावर आलं. मग सुरू झालं कबूल करणं. कुणी म्हणालं, साहेबराव, लेकराची काळजी करू नको, आम्ही आहोत. सून द्वारकानं हात जोडले, म्हणाली मी धीरानं राहीन. व्याह्यांनी गायीला चारा कबूल केला. कावळे ढिम्म.

तेव्हा सांडू पुढं झाला. माझा धाकटा, गावाकडं शेती बघतो, तोंड मोठं. आपण बोलताना सगळ्यांना दिसावं म्हणून त्यानं हातानं गर्दी मागं सारली. नातू सत्यम पिंडापाशी बसलेला, उघडा, डोकं भादरलेलं. सांडूनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला अन् बाभळीकडं बघून म्हणाला, "दादा, तुझं पोरगं ते गिटार-बिटार सोडंल. आजपासून हात लावणार नाय. माझा शब्द हाये."

सत्यमला दंडाला धरून त्यानं मागं घेतलं — आणि मेला कावळा आला! उतरला, भाताला चोच मारली, गेला.

बायकांनी तोंडाला पदर लावले. पुरुष माना हलवायला लागले. व्हय, ह्याच्यातच जीव अडकला होता म्हणे. सत्यमनं वर पाहिलंच नाही.

मी पाहिलं. इतका वेळ येडे पिंडाला खेटून उभे होते. माणूस हटला, कावळा आला. भुकेला होता तो. पण दहाव्याला मेलेल्याच्या आईनं रडायचं असतं, हिशेब सांगायचा नसतो. मी रडलेही नाही आणि बोललेही नाही.

१९ जानेवारी

गावात दुसरं बोलणं नाही. साहेबराव कसा गेला हे कुणी विचारत नाही. कावळ्याचंच चाललंय. सांडू पाणी भरायला गेला तरी तेच सांगून येतो.

२ फेब्रुवारी, रविवार

काल शहरात परत आलो. सिडकोतलं घर. माझी खाट सत्यमच्या खोलीच्या भिंतीला. चार वर्षं रोज संध्याकाळी ही भिंत थरथरायची. खाटेखालचा तांब्या वाजायचा. आता गप्प.

तो काय वाजवायचा ते मला धड सांगता येत नाही. भजन नाही, शिनेमातलं नाही. पिठाच्या गिरणीला कान लावून बसावं असा घरघराट, त्याच्यावर आणखी एक घरघराट, त्याच्यावर आणखी. आणि सगळ्याच्या खाली, लई खाली, विहिरीत कुणी बोलल्यासारखा एक गळा. एकटाच करायचा सगळं. एकदा वाजवायचं, कम्प्युटरात भरायचं, मग त्याच्यावर पुन्हा वाजवायचं. ढोल मशीनमधले. चार सोबती जमव म्हटलं तर म्हणायचा, आजी, माणूस आला की त्याच्याशी बोलावं लागतं.

उभा कसा राहायचा, तर मान खाली. पायापाशी दहा-बारा डब्या, पायानं त्यांची बटणं दाबायची, नजर त्या डब्यांवरच. बोहल्यावरची नवरीसुद्धा कधीतरी वर बघते. हा नाही.

एकदा तर गच्चीवरच्या टाकीत ओरडला. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, टाकी कोरडी ठाक. ह्यानं माईक आत सोडला, तोंड आत घातलं आणि बोंब ठोकली. शेजारची धावत आली, तिला वाटलं पोरगं टाकीत पडलं. मी म्हटलं पडलं नाही, गातंय. ती म्हणाली, ह्याला गाणं म्हणतात? मी म्हटलं, तुमच्या घरी रोज चालतं त्याला संसार म्हणतातच की.

गिटार आता लोखंडी कपाटावर, पेटीत. द्वारकानं वरून चादर टाकली. धूळ बसू नये म्हणे. वाजवायचीच नाही तर धुळीनं काय बिघडतंय?

१२ फेब्रुवारी

सत्यम कंपनीत लागला. बापाच्याच. वाळूजला जाणारी बसही बापाचीच. सांडूनं कुणा साहेबाला गाठून लावलं. फोनवर म्हणाला, बघ माय, दादाची इच्छा पुरी झाली. मी म्हटलं, तुझी झाली. फोन ठेवून दिला.

५ मार्च

नळ आला. भांडी भरली. बाकी काही नाही.

१६ मार्च, रविवार

सत्यम सुट्टीच्या दिवशी भिंतीकडं तोंड करून पडतो. झोपत नाही. मी दोनदा बघून आले, डोळे उघडेच.

त्याला बोलतं करावं म्हणून विचारलं, ते तुझं वाजवलेलं नेटवर टाकायचास, ते जायचं कुठवर? मोबाईल दाखवला त्यानं. सगळं इंग्रजी. मी चौथीतून उठलेली, मला त्यातलं काय कळणार. त्यानं वाचून दाखवलं. कुणी फिनलंडचा, कुणी चिलीचा. एक बाई म्हणे बर्फातून गाडी चालवताना हेच ऐकते. तिथं ह्याला सत्यम म्हणत नाहीत. ह्यानं नाव घेतलंय राखुंडी. मी म्हटलं, अरे, राखुंडीनं आम्ही दात घासायचो. तो म्हणाला, माहीत आहे, तूच सांगितलं होतंस.

मग मी विचारलं, तू जे गातोस त्यातलं एक अक्षर कळत नाही, मग गातोस कशाला. म्हणाला, "कळू नये म्हणूनच वर एवढा आवाज घालतो."

हे मला समजलं. आमच्याकडं मयताला बायका हेल काढून रडतात. शब्द कुणाला कळत नाहीत. पण कुणाचं खरं आणि कुणाचं दाखवायचं, ते आख्ख्या गावाला कळतं. सत्यमचं खरं होतं. चांगलं होतं का ते विचारू नका, मला नाही आवडायचं. खरं होतं.

३० मार्च

पाडवा. आपल्याकडं गुढी नाही, घरात वर्ष पडलंय. शेजारणीनं पोळ्या आणून दिल्या. पोळी बरी, पुरण कच्चं.

१७ एप्रिल, गुरुवार

आज सरळ विचारलं. द्वारका कामाला गेली होती, सत्यमची दुसरी पाळी, घरात आम्ही दोघंच. मी म्हटलं, एका कावळ्याला भ्यालास व्हय रे?

"कावळ्याला नाही, आजी."

मग कुणाला, तर बोलेना. मी वांगी चिरत बसले. गप्प बसलेल्या माणसाकडं बघायचं नसतं, मग तो बोलतो. बोलला.

साहेबराव गेला तेव्हा मी आणि द्वारका भाजीला गेलो होतो, हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. सत्यम म्हणाला, पप्पा कंपनीतून आले, रोजच्यासारखं माझ्या खोलीचं दार वाजवलं, "बंद कर रे" म्हणाले. तेवढंच. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. ह्याला वाटलं, रागानं दार आपटलं. ह्यानं आवाज आणखी वाढवला.

"वाजवून झालं तेव्हा बाहेर आलो," म्हणाला.

वांगी पाण्यात टाकायची राहिली, काळी पडली. मी म्हटलं, तू लगेच आला असतास तरी गेलाच असता, डॉक्टर म्हणाले ना जागेवरच गेला. तो म्हणाला, माहीत आहे. म्हणाला, शेवटचं बोलणं तेच होतं, बंद कर. आणि नदीवर तेच कबूल केलं तेव्हाच कावळा आला. आता आणखी काय पाहिजे?

डबा घेऊन बस गाठायला गेला.

२० एप्रिल

तीन दिवस एकच डोक्यात. सांगू का पोराला, की तुझा बाप चोरून ऐकायचा, मला म्हणायचा पोरगं चांगलं वाजवतं? शिनेमात असंच असतं.

पण साहेबराव तसा नव्हता. त्या आवाजानं त्याचं डोकं दुखायचं. खरोखर दुखायचं, कपाळाला बाम चोळून बसायचा. त्याला वाटायचं पोरगं वाया गेलं. तसंच वाटत असताना मेला. मेलेल्याला चांगलं करून दाखवायची मला सवय नाही, पोटचा असला तरी. आणि सत्यमला खोटं लगेच कळतं. दिवसभर आवाजातले आवाज ऐकणारं पोर ते.

९ मे

कन्नडला जाऊन आले. द्वारकाला सांगितलं बाजारातून मिरची आणते. एसटीत उभं राहून गेले, एका पोरीनं अर्ध्या वाटेत उठून जागा दिली.

दहावा ज्यांनी केला ते श्रीरंगगुरुजी तिथं राहतात. तरणा माणूस, पायजम्यावर मोटारसायकल पुसत होता. मी विचारलं, पिंडापुढं दिलेला शब्द मोडता येतो का. म्हणाला, कुणी दिलेला? मी सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं बरं. म्हणाला, पोथीत असलं काही लिहिलेलं नाही, आजी. पण आमचे आजोबा म्हणायचे, ज्याच्या तोंडून निघालं त्यानंच पाळायचं. दुसऱ्याच्या वतीनं दान देता येतं, सोडता काही येत नाही.

"म्हणजे गिटार सांडूनं सोडायची?"

"सांडूभाऊ वाजवतात का?"

"त्याला शिट्टीसुद्धा येत नाही."

"मग सोपंच आहे," म्हणाला. चहा दिला. मिरची आणायची विसरले.

१० मे

सांडूला फोन करून गुरुजींचं सांगितलं. लई चिडला. म्हणाला, माय, मग कावळा आला कसा? म्हटलं, तू माणसं मागं सारली म्हणून आला. म्हणाला, मी नुसता हात काय केला अन् कावळा आला? म्हटलं, व्हय, कावळ्याला तुझ्या बोलण्यापेक्षा तुझ्या हाताची जास्त फिकीर. म्हणाला, दादाच्या आत्म्याची टिंगल करू नको. मग रडायला लागला. सांडूलाही भाऊच होता तो, हे मी विसरते कधीकधी. त्यालाही वाटतं की आपण भावासाठी एक काम तरी नीट केलं. ते मी काढून घेऊ पाहते.

संध्याकाळी सत्यमला सांगितलं. तू मोकळा आहेस, गुरुजीच म्हणाले. तो जेवत होता. म्हणाला, गुरुजी बोलल्यानं पप्पांचं मन बदलतं का?

मिरचीशिवायची भाजी होती.

२२ जून

सत्यमच्या खोलीची आतली कडी मी काढून टाकली. तो कंपनीत होता. चार स्क्रू, त्याच्याच हत्यारांनी काढले. द्वारकानं विचारलं, आत्याबाई, हे काय करू राहिल्या? मी म्हटलं, गंजली होती. ती माझ्याकडं बघत उभी राहिली. मग स्क्रू गोळा केले आणि स्वतःच कचऱ्यात टाकले.

सत्यमनं संध्याकाळी दार बघितलं. काही विचारलं नाही. हेच वाईट. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

६ जुलै

भिंत हलायची तोवर कळायचं, आत माणूस आहे. आता उठून बघून यावं लागतं.

१४ ऑगस्ट

जेवण जात नाही. पावसाळी हवा.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. आपल्या दारात एकच पणती, तीही द्वारकाच्या हट्टानं. बाहेर फटाके. सत्यम पायरीवर मोबाईल घेऊन बसला होता. मी जवळ बसले.

म्हणाला, आजी, फिनलंडच्या त्या माणसानं लिहिलंय. काय लिहिलंय म्हटलं.

"विचारतोय, राखुंडी जिवंत आहे का."

"मग तू काय लिहिलंस?"

"काही नाही."

कुठला कोण तो माणूस, बर्फात बसून चौकशी करतो. आणि इथं भावकीतलं एक माणूस विचारत नाही की पोरगं वाळलं कशानं. उलट म्हणतात, सत्यम सुधारला. बोलत नाही, कुठं जात नाही, पगार आईच्या हातात देतो. मेल्या माणसाला पण हेच गुण असतात.

१६ नोव्हेंबर, रविवार

गिटार विकायला काढली ह्यानं. मला सांगितलं नाही. मोबाईलवर फोटो टाकला आणि आज गिऱ्हाईक दारात. पैठण गेटकडचा कुणी, दाढी कोरलेली, पायात पांढरे बूट. सत्यमनं पेटी खाली काढली, उघडली. तो माणूस तारा छेडून बघायला लागला. सत्यम दुसरीकडं बघत होता. पोटच्या पोरीला बघायला आलेत आणि द्यायचीच आहे, असं तोंड.

मी आतून आले. म्हटलं, बाबा, घेतोस तर घे, पण सांगितलं नाही असं नको व्हायला. ह्याचा बाप मेला तो ह्याच्यापायी. दहाव्याला कावळा शिवेना. गिटारचं नाव काढलं तेव्हा शिवला. जीव ह्यातच आहे त्याचा. ज्याच्या घरी जाईल त्याच्याकडं तो येणारच, आमचा नाइलाज आहे. तुझं लग्न झालंय का?

त्यानं तार सोडली. म्हणाला, अम्मा, मजाक करू राहिल्या का? मी म्हटलं, गावात कुणालाही विचार, नंबर देऊ का सांडूचा? तो म्हणाला घरी विचारून सांगतो. गाडी चालू करताना दोनदा बंद पडली त्याची.

सत्यम म्हणाला, आजी, किती खोटं बोलशील.

"ह्यात खोटं काय? सगळं गाव हेच म्हणतंय."

त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसू नव्हतं, पण जागा तीच. पेटी परत वर ठेवली.

१७ नोव्हेंबर

त्या गिऱ्हाइकाचं तोंड आठवलं की एक कळतं. जिवंत म्हातारीला कुणी भीत नाही. मी वर्षभर बोलते आहे, घरातलं भांडं हललं नाही. मेलेल्याचं नाव घेतलं आणि दाढीवाला पळाला.

साहेबराव मेलाय म्हणून त्याचं चालतंय. जिवंत असताना त्याचं एक चाललं नव्हतं, पोरगं वाजवतच होतं.

बघते काय करायचं ते.

२९ डिसेंबर, सोमवार

तिथीनं आज साहेबरावाचं वर्ष. वर्षश्राद्ध घरीच केलं. गावाकडचे पंचवीस-तीस जण आले. श्रीरंगगुरुजी मोटारसायकलवर आले, थंडीनं कान लाल. गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं. आधी पारवेच आले सगळे, त्यांना हाकलायला दोघं काठ्या घेऊन उभे. मग कावळा आला, भातातला वड्याचा तुकडा उचलून शेजाऱ्याच्या टाकीवर जाऊन बसला.

सांडूची छाती फुगली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, पोरानं शब्द पाळला म्हणून दादा पहिल्या हाकेला आला. लोक सत्यमच्या पाठीवर थापटी मारून खाली जेवायला उतरले. सत्यम प्रत्येक थापेला थोडा पुढं झुकत होता. बैल झुकतो तसा.

पंगत बसली. वाढून झालं. पहिला घास घ्यायच्या आत मी उभी राहिले. म्हटलं, "आता माझंही ऐकून ठेवा. मी मेले की माझ्या पिंडाला कावळा शिवणार नाय. कुणी काय पण कबूल करा. हा सत्यम नदीवर उभं राहून त्याचं ते गिटार वाजवील, तवाच शिवंल. टाकीत वरडला होता तसं वरडायचं. अर्धंमुर्धं चालायचं नाय."

एकाच्याही तोंडात घास गेला नाही. द्वारकाच्या हातातून पळी वरणात बुडाली. शेवटी सांडू बोलला. म्हणाला, "माय, नदीवर लाईट कुठंय?"

"जनरेटर आण. लग्नात नाचायला आणतोस की."

गुरुजी पानात बघत होते, पण खांदे हलत होते त्यांचे. म्हणाले, आजींची इच्छा आहे, आजींनी स्वतःच्या तोंडानं सांगितलीय. आमच्या आजोबांच्या हिशेबानं ही लागू आहे.

सत्यम पानावरून उठून गेला.

३० डिसेंबर

सांडू न बोलता गावी गेला. द्वारका म्हणाली, आत्याबाई, श्राद्धाच्या पानावर असलं अभद्र बोलतात का, आधीच एक गेलाय. डोळे पुसत भांडी घासत होती. मी म्हटलं, मी अमृत पिऊन आले नाही. ती आणखी रडली.

दुपारी सत्यम आला. रागावला होता. वर्षात पहिल्यांदा रागावला! म्हणाला, तू मेल्यावर कावळा शिवला काय आणि नाही शिवला काय, तुला कसं कळणार?

"मला नाय कळणार. तुला कळंल."

मी म्हटलं, तू तिथं उभा असशील. ऊन चढंल. सांडू काय काय कबूल करील, नाही नाही ते. गुरुजी दर्भाचा कावळा करू म्हणतील. आणि तुला माहीत असंल की म्हातारी कशापायी अडलीय. बापाचं शेवटचं बोलणं धरून बसलास ना? मग माझं पण धर. दोघांचं कसं सांभाळायचं ते तुझं तू बघ.

म्हणाला, "ही जबरदस्ती आहे, आजी."

म्हटलं, व्हय.

उठून गेला. दार आपटलं. चांगलं जोरात.

१८ जानेवारी २०२६

काही झालं नाही. गिटार कपाटावरच. द्वारकानं वरची चादर धुऊन परत घातली. पोरगं जातं, येतं, भिंतीकडं तोंड करून पडतं. रागसुद्धा चार दिवसच टिकला. मोबाईलमधलं ते राखुंडीचं पान बंद करणार आहे म्हणाला. फिनलंडवाल्यानं पुन्हा विचारलं नाही.

मला वाटलं होतं मी हुशार. एका मेलेल्याला दुसरी मेलेली भारी पडेल. पण मी मेले कुठं अजून? बसून खाते आहे, शेजारणीला बोलते आहे. माझं कोण मनावर घेणार.

२५ जानेवारी

नळ आला नाही.

६ फेब्रुवारी

आज दवाखान्यात सत्यम सोबत आला. द्वारकाला सुट्टी नव्हती. डॉक्टरनं मला बाहेर बसवलं आणि त्याला आत बोलावलं. आत काय सांगणार ते मला ठाऊक होतं. श्रावणातच सांगितलं होतं त्यांनी, पोटातली गाठ आहे, कापण्याच्या पलीकडं गेलीय. मीच हात जोडून म्हटलं होतं, घरी बोलू नका. इथंही लिहिलं नाही. उन्हाळा निघणार नाही म्हणे.

रिक्षानं घरी आलो. मला खाटेवर बसवलं, पायावर गोधडी टाकली, आणि खोलीत गेला.

भिंत हलू राहिली. हात बसलेला नाही, लई वाईट वाजतंय. मला चहा पाहिजे होता. हाक मारणार नाही.